पूरक रंग

मुलीने चित्रात निळ्याशेजारी नारिंगी लावला. “बाबा, हे पूरक रंग. शेजारी ठेवले की दोन्ही उजळतात. कालवले की नुसता चिखल!”

मी गणिताचा शिक्षक. आमच्याकडे पूरक संच म्हणजे संचात न घेतलेलं सगळं. शाळेतल्या माझ्या सत्कारात, बायकोची ओटी भरली जात असताना, मी ऐटीत म्हणालो होतो, “ही माझी पूरक.” टाळ्या पडल्या. तिने नुसता पदर सावरला. तिची चित्रकला शिक्षिकेची नोकरी लग्नानंतर मीच सोडायला लावली, हे तिथे कुणाला ठाऊक होतं? मुलीलाही नाही.

“आई, आकाश तू रंगव ना!”

“मला गं कुठलं येतंय?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि “चित्र छान झालंय” एवढंच बोललो.