भाचीचं जावळ आणि माझं लिव्हर

आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर निघतं. मामा नसेल तर चुलत, मावस, मानलेला, कुठला तरी मामा गाठतात. पण सख्खा मामा धडधाकट असताना लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर बसवलं, की गाव विचारतं, भावाबहिणीचं बिनसलं का? माझ्या बहिणीला मी एकटाच भाऊ, आणि मी मांडी द्यायला तयार नव्हतो.

कारण माझ्या लिव्हरमध्ये होतं. वाशिमजवळच्या मालेगावात माझं मोटरसायकली दुरुस्त करायचं गॅरेज आहे. चौकात रक्तदान शिबिर लागलं, चारचौघांबरोबर मीही हात पुढे केला आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणं आलं. हिपॅटायटिस बी. वाशिमच्या डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली. "गोळी विषाणूला दाबून ठेवते, काढून टाकत नाही," ते म्हणाले. मी शेतकऱ्याचा पोरगा, मला लगेच कळलं. हा कुंदा आहे, शेतातलं चिवट तण. वरून कितीही खुरपा, मूळ खाली काळ्या मातीत शाबूत.

मग मोबाइलवर मला जनुकीय कात्री सापडली. पेशीच्या आत विषाणू आपला मूळ आराखडा दडवून ठेवतो, तोच शोधून कापायचा किंवा कायमचा बंद पाडायचा. परदेशात माणसांवर प्रयोगही सुरू झालेले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इंजिन चालू ठेवून आतला एकच पार्ट निकामी करायचा, अशी कारागिरी मी जन्मात पाहिली नव्हती. मी बहिणीला फोनवर ठणकावून सांगितलं, "कात्री येऊ दे. मी साफ झालो का पोरीले मांडीवर घेतो. तोवर जावळ राहू दे."

"कधी येईन तुही कात्री?"

"येईन लवकर. घाई असन तर दुसरा मामा पाय."

"दुसऱ्याच्या मांडीवर नाई काढत," म्हणाली आणि फोन ठेवला. शेवटी बहीण माझीच. भाचीला तिसरं लागलं तरी तिनं केसाला हात लावू दिला नाही. तिच्या सासरी, केनवडच्या उन्हात पोरीच्या मानेवर घामोळ्या, डोळ्यांत बटा, आणि सासू येताजाता टोमणे मारायची.

मी खाऊ घेऊन जायचो आणि दाराजवळ खुर्ची टाकून बसायचो. माझी बोटं सदा कापलेली. पान्हा निसटतो, पत्रा लागतो. पोर धावत आली की मी हात पाठीमागे घ्यायचो. "दूर, बेटा, दूर." जवळ घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हे पसरत नाही, जखम तेवढी झाकून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण भीतीला कुठे कान असतात?

दर वेळी मी डॉक्टरांना विचारायचो, कात्री कुठवर आली? ते हसायचे. एकदा मात्र हसले नाहीत.

"प्रयोग सुरू आहेत. पण तुमच्यापर्यंत यायला किती वर्षं लागतील, मला सांगता येणार नाही. तुम्हाला घाई कशाची आहे? गोळीनं रिपोर्ट चांगला आहे की."

मी जावळाचं सांगितलं.

"मुलीला लस दिली आहे ना?"

"जन्मली तवाच. अन् मंगचे डोसबी झाले."

"मग बोटांना पट्टी लावा आणि मांडी द्या हो!"

तरी माझं मन घट्ट होईना. तसाच केनवडला गेलो. भाची ओट्यावर खेळत होती. मला पाहून ती धावत आली नाही. घरात तोंड करून ओरडली, "आई, दूर आला!"

तिला ते माझं नाव वाटत होतं. बहीण पिठाच्या हातानं बाहेर आली. "मामा म्हण, मामा म्हण, सांगून थकली मी," ती म्हणाली, "पण तुह्या तोंडून तिनं हेच आयकलं ना, भाऊ." विषाणूनं जे केलं नव्हतं, ते मी माझ्या हातानं करून बसलो होतो.

"न्हाव्याले सांगून ठेव," मी म्हणालो. "येत्या रविवारीच काढू."

रविवारी मी बोटांना पट्ट्या लावून, वरून गॅरेजचे हातमोजे चढवून हजर. बहिणीनं हातमोजे ओढून काढले. "पट्ट्या राहू दे. हे नाई." न्हाव्यानं नवं ब्लेड लावलं. पोर मांडीवर आली, गरम, घामेजलेली, केसांना खोबरेल तेलाचा वास. तिला कधी असं धरलंच नव्हतं. ब्लेड टेकताच तिनं भोकाड पसरलं, मी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि तिच्याबरोबर मीही रडून घेतलं. न्हावी म्हणाला, "मामा, तुमी तरी हालू नका." कात्री अजून दूरच्या कुठल्या प्रयोगशाळेत होती. येईल तेव्हा येवो, मी रांगेत पहिला उभा राहीन.

केस निघाले. रडणं हुंदक्यांवर आलं. बहीण तिला अंघोळीला न्यायला खाली वाकली. पोरीनं माझा शर्ट मुठीत धरला, आईकडे रागानं पाहिलं आणि म्हणाली, "दूर!"