कोयत्याच्या लंबगोल मुठी

नवे पैसे यायच्या आधीची गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे पाव्हणे, निरवांगीचे. घरचा बागायती ऊस सोडून त्यांनी बारामतीत पायानं चालवायची लेथ मांडली आणि स्वतःला कारागीर म्हणवून घेऊ लागले. लाटणी, पाळण्याचे खूर, असलं गोल काम त्यांना जमे. गोल काम कुणालाही जमतं. लाकूड आपलं आपण फिरतं, माणसानं फक्त पटाशी धरायची.

त्यांच्या वडिलांनी, आबांनी, शेवटी अट घातली. “आपल्या ऊसतोडीच्या टोळीच्या कोयत्यांना लंबगोल मुठी करून दे. चालल्या तर ठिव तुजी लेथ. न्हाय तर घरी येऊन उसाला पानी दे, दारं धर.” गोल मूठ घामेजल्या हातात फिरते, म्हणून लंबगोल.

रीत सोपी आहे. बाभळीच्या तुकड्याच्या दोन्ही तोंडांवर मध्याच्या अल्याड-पल्याड एकेक सुतावर, म्हणजे इंचाच्या आठव्या भागावर, गेरूचं टिंब द्यायचं. आधी एका बाजूच्या टिंबांवर लाकूड अडकवून कातायचं, मग दुसऱ्या बाजूच्या. दोन्ही तोंडांची टिंबं एका रेषेत हवीत, एवढंच. पाव्हण्यांनी टिंबं दिली, पण रेषा मारली नाही. “नजर हाय आमची,” म्हणाले.

खंडेनवमीला बहिणीनं लेथ पुजली आणि शेजारी उभ्या रचलेल्या तुकड्यांच्या वरच्या तोंडांनाही हळदीकुंकू लावलं. हळदीच्या बोटानं गेरू पुसला, कुंकू राहिलं. दसऱ्यानंतर या कारागिरांनी कुंकवालाच आपलं टिंब समजून दुसरं अंदाजानं त्याच्या समोर दिलं आणि अख्खा ढीग कातून काढला. मधे एक मूठ हातात धरून पाहावी, एवढंही सुचलं नाही.

तोड सुरू झाली त्या दिवशी मी निरवांगीलाच होतो. प्रत्येक मूठ एका टोकाला उभी, दुसऱ्या टोकाला आडवी, मधे पीळ पडलेली. टोळीतल्या म्हाताऱ्यानं चार घाव घातले आणि कोयता खाली ठेवला.

“धाकलं मालक, ऊस तोडायचा हाय का पिळायचा?”

“हिनं कुंकू लावलं म्हणून झालं,” पाव्हणे बायकोकडं बोट करून म्हणाले.

“कुंकू कुठलं आन् गेरू कुठला, हे तुमास्नी कळंना व्हय?” बहीण म्हणाली.

आबांनी खांद्यावरचं खोरं काढून मुलापुढं धरलं. पाव्हण्यांनी ते घेतलं आणि पाटाकडं निघाले. माझ्याजवळून जाताना थांबून हळूच म्हणाले, “बाभळ ओली व्हती.”