हमीदभाईंचा नजरगहाण माल

बातमी पासलीहून आली, तीही तिथल्या दूध संस्थेच्या सचिवांकडून. "मॅडम, हमीदभाई गेलं वो... काल सांच्याला. छातीत दुखाया लागलं म्हनलं, दवाखान्यात न्हेईस्तवर..." मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि वेल्ह्याच्या पार टोकाच्या त्या डोंगरातल्या गावातून काकुळतीचा प्रश्न आला, "आता आमची धार कोन बगनार?" लगेच त्यांना स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली असावी. "तसं न्हाई वो मॅडम, तसं न्हाई," म्हणत त्यांनी फोन ठेवला. मला मात्र रडता रडता हसू फुटलं. खुद्द हमीदभाईंना हा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी नेहमीचंच उत्तर दिलं असतं, "आधी स्क्रीनवर काय दिसतंय, त्ये सांगा."

'धार' म्हणजे हमीद तांबोळी यांनी लिहिलेला, खोक्यात भरलेला आणि भोर-वेल्ह्याच्या दूध संस्थांना विकलेला संगणकाचा प्रोग्रॅम. सकाळ-संध्याकाळ आलेल्या दुधाचं माप आणि फॅट त्यात घालायचं, की दर दहा दिवसांनी प्रत्येक सभासदाच्या दुधाच्या पगाराची चिठ्ठी मराठीत छापून बाहेर. आज हे सांगताना काही विशेष वाटत नाही. पण नव्वदीच्या दशकात, भोरच्या बाजारपेठेत, वडिलांच्या पानाच्या दुकानावरच्या माडीत बसून एखादा माणूस सॉफ्टवेअरचा धंदा करतो म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलंय, असाच सर्वांचा समज होता. त्या सर्वांत मीही होते. मी तेव्हा आमच्या बँकेच्या भोर शाखेत कर्ज खातं सांभाळत असे. रोज पुण्याहून एसटीने जा-ये करायची, आणि भोरच्या स्टँडवर उतरेपर्यंत माझा स्वभाव आंबलेला असायचा. तो मुळातही फार गोड नाही.

अशाच एका आंबट सकाळी हमीदभाई समोर येऊन बसले. "धंदा काय?" मी विचारलं. "सॉफ्टवेअरचं प्रकाशन." मी मान वर केली. "म्हंजी मॅडम, फ्लॉपीत भरायचं, खोक्यात घालायचं आन इकायचं. पुस्तकवाले पुस्तक काडत्यात ना, तसं." त्यांना खोकी, फ्लॉप्या आणि छपाई यांच्यासाठी खेळतं भांडवल हवं होतं, कारण गावोगावच्या संस्था पैसे द्यायच्या ते सवडीने. तारण काय, तर तयार खोकी. आमच्याकडे अशा कर्जाला एक फार देखणा शब्द आहे, नजरगहाण. माल कर्जदाराच्याच ताब्यात राहतो, तोच तो विकतो, बँकेने त्यावर फक्त नजर ठेवायची. महिन्यातून एकदा अधिकाऱ्याने जाऊन पोती, डबे, जे असेल ते पाहायचं आणि 'माल जागेवर आहे' असा शेरा मारून यायचं. भाताची पोती मी पाहिली होती, शेंगदाण्याची पाहिली होती. फ्लॉपीत काय पाहायचं, ते मला ठाऊक नव्हतं आणि आमचे मॅनेजर लिमये साहेब यांना तर मुळीच नव्हतं. पण साहेबांना हा माणूस आवडला. "एक वर्षासाठी देऊन टाका," ते म्हणाले, "फक्त पाटी लावायला विसरू नका."

पाटी म्हणजे पत्र्यावर रंगवलेली ओळ... 'या खोलीतील सर्व माल बँकेकडे नजरगहाण आहे.' ती माडीच्या दारावर ठोकली, तेव्हा हमीदभाईंचे अब्बा खालून पानांना पाणी मारायचं सोडून वर आले. त्यांनी एकेक अक्षर लावत पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. "नजर गहान? म्हंजी बँकेची नजर लागायची ह्येच्या धंद्याला?" मी परोपरीने समजावलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर पाटीच्या खिळ्याला लिंबू-मिरची लटकत होती. पाच वेळा नमाज पढणारा माणूस आणि हे काय, असं कुणीतरी विचारलंच. अब्बा म्हणाले, "नजर काय जात इचारून लागती व्हय?" पुढे दर शनिवारी लिंबू बदललं जाऊ लागलं. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत बँकेवर उतारा ठेवणारा हा एकमेव कर्जदार.

खरं तर अब्बांचा या धंद्यावर काडीचा विश्वास नव्हता. "माल कसा पायजे? त्येला पानी माराय लागतंय, सडल्यालं काडाय लागतंय. ह्येचा माल सुकत न्हाई, सडत न्हाई आन दिसत बी न्हाई. असला कसला माल?" हमीदभाईंच्या मेहुण्याने पुण्यात एका कंपनीत नोकरी बघून ठेवली होती. बाप-लेकात ठरलं होतं ते असं : वर्ष संपल्यावर बँकेने कर्ज पुढे चालू ठेवलं तर माडी हमीदची, नाहीतर संगणक विकून गुमान पुणं गाठायचं. हमीदभाईंना पुणं नको होतं. नोकरी त्यांना पेलली असती, पण "आपलं काम आपल्याच गावाला कळलं न्हाई तर कुनाला कळनार?" असं ते म्हणायचे, आणि हे म्हणताना त्यांचा विनोदी चेहरा एकदम लहान मुलासारखा व्हायचा.

गावाला काम कळत होतं, पण वेगळ्याच पद्धतीने. पासलीला पहिल्यांदा धार बसवली तेव्हा सभासदाचं नाव आणि जनावर हे दोन रकाने उलटसुलट झाले होते. छापील चिठ्ठ्या निघाल्या त्यात सभासद म्हणून म्हैस आणि जनावर म्हणून संस्थेचे चेअरमन. चेअरमन संतापले. त्यांच्या बायकोने चिठ्ठी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि म्हणाली, "मिशनीला पहिल्याच दिशी कळलं. मला लगीन झाल्यावर कळाया वरीस गेलं." गुंजवण्याच्या संस्थेत खंडेनवमीला कोयता-विळ्यांबरोबर फ्लॉपीचीही पूजा झाली, मनोभावे, हळद-कुंकू आणि वर तांदूळ. तीच फ्लॉपी नंतर संगणकात घातली गेली. हमीदभाई जीपने गेले आणि स्क्रू काढून, कापसाच्या बोळ्याने आतली हळद पुसत बसले. सचिवांना एका शब्दाने बोलले नाहीत. उलट धारेबरोबर देत असत त्या माहितीच्या पुस्तिकेत त्यांनी एक वाक्य वाढवलं : 'फ्लॉपीची पूजा करावयाची असल्यास डबीच्या बाहेरून करावी.'

वर्ष भरत आलं आणि विभागीय कार्यालयातून तपासणीला साने साहेब आले. माणूस वाईट नव्हता, नियमाने चालणारा होता, आणि पुष्कळदा तेच जास्त अवघड जातं. मी त्यांना माडीवर घेऊन गेले. अब्बा पाहुण्यांसाठी विडे घेऊन मागोमाग वर आले. हमीदभाईंनी खोकी रचून ठेवली होती. साहेबांनी दोन्ही हातांत एकेक फ्लॉपी धरली.

"ही कोरी?"

"व्हय साहेब."

"आणि हिच्यात?"

"हिच्यात धार हाय."

"म्हणजे ही वापरलेली," साने साहेब म्हणाले. "कोरीची पूर्ण किंमत धरता येईल. वापरलेल्याला घसारा लावावा लागेल."

अब्बांनी जोरात मान हलवली. "मी बी त्येला ह्येच सांगतो, साहेब. कोऱ्याच इकल्या असत्या तर चार पैसं सुटलं असतं."

हमीदभाई हळू आवाजात म्हणाले, "साहेब, त्या धारंत माझी उमेदीची वरसं हायेत." साने साहेब अवघडले. "असतील हो. पण मला ती दिसत नाहीत. आणि जे दिसत नाही ते मी नजरगहाण कसं लिहू?" नियमाने बोलायचं तर त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा भयंकर राग आला. मी तावातावाने एक खोकं उघडलं. आत फ्लॉपी होती आणि तिच्याखाली ती हळदी-कुंकवाची पुस्तिका. मी ती साहेबांच्या हातात दिली. "साहेब, हे पुस्तक आहे. पुस्तक दिसतं. आणि छापलेलं आहे म्हणून पुस्तकाला कुणी वापरलेलं म्हणत नाही. उलट कोऱ्या वहीपेक्षा ते महाग असतं."

साहेबांनी पानं उलटली. पूजेच्या वाक्यापाशी थोडे थबकले, मिशीत हसले. "फार बारीक आहे."

"पुढच्या आवृत्तीत जाड होईल," मी म्हणाले.

त्यांनी पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "तयार माल, पुस्तके. सोबत फ्लॉपी मोफत."

"मोफत?" हा आवाज अब्बांचा होता. विड्यांचं तबक त्यांनी खोक्यावर आदळलं. "मोफत का म्हनून? पोरगं हितं बसून येडं व्हायचं बाकी ऱ्हायलं. सुनंनं जेवान वर आनून दिलं त्ये गार व्हायाचं, ह्येचं ध्यान न्हाई. आन तुमी फुकाट लिवता? खोडा त्ये!" साहेब घाबरून खोडायला निघाले. हमीदभाई अब्बांचे खांदे धरून म्हणत होते, "अब्बा, असू द्या, फुकाट असू द्या..." आणि एकीकडे त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शेवटी 'मोफत' तसंच राहिलं, कर्ज पुढे चालू राहिलं, आणि माडी हमीदची झाली. त्या दिवसानंतर अब्बा पानाच्या गिऱ्हाइकाला विचारत, "वरचा माल बगितला का?"

बँकेच्या दप्तरात मात्र हमीदभाई 'पुस्तक प्रकाशक' म्हणून नोंदले गेले, आणि सरकारी काय किंवा बँकेची काय, नोंद एकदा झाली की ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही. गावातल्या कवी संमेलनाला कुणीतरी आमच्याकडून प्रकाशकांची यादी नेली आणि हमीदभाईंना अध्यक्ष केलं. ते गेले. कवी कविता म्हणत होते आणि हे प्रत्येकाला, फोनवर धार सुरू झाली की म्हणायचे तीच एक दाद देत होते, "चालू झालं, चालू झालं!" पुस्तिका खरोखर जाड करावी लागली. त्यातला अर्धा मजकूर माझा आहे आणि म्हशीच्या आजारांवरचं प्रकरण अब्बांच्या एका मित्राचं. पुढे लोकांनी धारेच्या बिनदिक्कत नकला केल्या, पण पुस्तक मागायला माणसं पैसे घेऊन भोरला येत राहिली. साने साहेबांचं शेवटी खरं ठरलं म्हणायचं, फ्लॉपी मोफत आणि पुस्तकाला दाम.

कर्ज फिटलं, माझी बदली पुण्याला झाली, अब्बा गेले. नियमाप्रमाणे पाटी काढून बँकेत जमा करायची होती. हमीदभाईंनी ती दिली नाही. "ऱ्हाऊ द्या मॅडम. तिच्यामुळं अब्बांना कळलं, माझ्याकडं माल हाय." फ्लॉप्या गेल्या, सीडी आली. दर महिन्याला त्यांचा फोन यायचा. माझी आई गेली त्या दिवशीही आला. मला काही सुचत नव्हतं, काय करू, कुठून सुरुवात करू, असं काहीबाही मी बोलत होते. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आत्ता समोर काय दिसतंय, तेवडंच सांगा." मी म्हटलं, चहाची कपबशी. "मंग ती उचला आन धुवून ठिवा. पुढचं पुढं." मी ती धुतली. इतकं नेमकं सांत्वन मला कुणीही केलेलं नाही...

हमीदभाईंचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी भोरला गेले. त्यांच्या पत्नी रेहानावहिनींनी मला माडीवर नेलं. संगणकावर चादर घातलेली, कोपऱ्यात रिकामी खोकी, विकायला म्हणून काहीही उरलेलं नव्हतं. पाटी जागेवर होती आणि तिच्या खिळ्याला ताजं लिंबू. आम्ही दोघी बोलत होतो तेवढ्यात फोन वाजला. वहिनींनी उचलला. पासलीचेच सचिव होते. वहिनींनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "आधी स्क्रीनवर काय दिसतंय, त्ये सांगा." मग चादर बाजूला सारून संगणक सुरू करत त्यांनी, इतकी वर्षं कानांवर पडून पाठ झालेली, एकेक कळ सांगितली. पलीकडून सचिवांचा एवढा मोठा आवाज आला की मलाही ऐकू आला, "चालू झालं, वहिनी! धार चालू झाली!"

फोन ठेवून त्या पाटीकडे बघत राहिल्या. "मॅडम, आता ही पाटी बँकेला परत द्याया पायजे का?"

मी त्या रिकाम्या खोलीवरून एकदा नजर फिरवली, नोकरीत फिरवायचे तशी.

"राहू द्या, वहिनी," मी म्हणाले. "माल जागेवर आहे."