सौर वादळ आणि शर्माजींकडची सगाई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण त्या संध्याकाळी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

इथे महाकालाच्या गावी, माधव नगरातल्या शाळेत मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यामुळे हवापाण्याचं काही विचारायचं झालं की आमची गल्ली माझ्याकडे येते. शेजारच्या शर्माजींच्या मुलीची सगाई होती, नानाखेड्याच्या एका मोकळ्या गार्डनमध्ये. सकाळी ते फाटकाशी आले. "बहनजी, शाम को मौसम ठीक रहेगा ना?"

नुसतं 'हो' म्हणायला काय जात होतं माझं? पण आदल्याच दिवशी वाचलं होतं, की सूर्यावर मोठं वादळ उठलंय, त्यानं पृथ्वीचं चुंबकत्व हलतं, आणि वाऱ्यापावसावरही म्हणे परिणाम होतो. मी गच्चीवर जाऊन मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं. उत्तर चक्क पूर्वेला!

खाली येऊन सांगितलं, गारपीट होणार. आभाळ तर साफ आहे, शर्माजी चाचरत म्हणाले.

"सौर तूफान है भाईसाहब. मेरी जिम्मेदारी."

बिचाऱ्यांनी दुपारपर्यंत सगळा थाट उचलून गार्डनच्याच इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या बंद हॉलमध्ये नेला. चार वाजता एक ढग आला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. पाच वाजता तोही गेला.

सहाला हॉलची भट्टी झाली. पाहुणे पत्रिकांनी वारा घेत होते. शर्माजी माझ्याकडे बघत, मी खिडकीकडे. एक तरी गार पडू दे रे महाकाला! तेवढ्यात नवऱ्यामुलाची आजी घामाघूम होऊन खुर्चीतच कलंडली. चौघांनी तिला खुर्चीसकट खाली, त्याच रिकाम्या गार्डनमध्ये नेलं. तिथे काय छान वारा सुटला होता! पाणी पिऊन आजी सावरली आणि म्हणाली, "अंगूठी यहीं पहनाओ. मैं ऊपर नहीं जाऊँगी."

सगाई तिथेच झाली, उभ्या उभ्या. मुलाचे काका हवामान खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सूर्याचा परिणाम असलाच तर तो वर्षानुवर्षांच्या सरासरीत शोधावा लागतो, त्यावरही जाणकारांचं एकमत नाही. आज संध्याकाळी नानाखेड्यात काय होईल ते त्यावरून सांगता येत नाही, असं म्हणाले. मग त्यांनी माझा मोबाइल मागितला, कव्हर काढलं आणि परत दिला. सुई मुकाट्यानं उत्तरेला गेली.

"कवर में चुंबक है, मैडम."

परवा शर्माजींच्या अम्मा अंगणात पापड वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "आज पानी तो नहीं आएगा?" मी खूप विचार करून, अगदी छातीठोकपणे म्हटलं, "बिलकुल नहीं."

अम्मा उठल्या आणि भराभरा पापड गोळा करायला लागल्या.