डोंबिवलीच्या बागेतला काश्मिरी पाहुणा

या फेरीविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटासाठी येऊरपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत कितीतरी भटकंत्यांची वर्णनं मी हौसेनं लिहिली. डोंबिवलीचा तो एक रविवार मात्र दर वेळी गाळला. आता लिहितो, कारण त्या सकाळी खरं काय दिसलं हे सांगू शकणारा माझ्याखेरीज कोणी उरलेला नाही.

मार्च संपत आला होता. हिवाळ्यात आपल्याकडे आलेले पक्षी याच दिवसांत उत्तरेला परतू लागतात. ठाण्याला नौपाड्यातल्या घरातून पहाटेच निघालो आणि उजाडता उजाडता डोंबिवलीत उतरलो. स्टेशनबाहेर माझे साडू दिनकरराव थर्मास घेऊन उभे होते. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्या दोघींत कधी नव्हती एवढी चढाओढ आम्हा साडूंमध्ये चालायची. घर, बढती, मुलांचे मार्क, सगळ्यात ते माझ्या दोन पावलं पुढे. पक्षी तेवढे माझे होते. निवृत्तीनंतर त्यांना दुर्बीण धरायला शिकवली तीही मीच.

"या, अप्पासाहेब! डोंबिवलीचा व्हिसा मिळाला वाटतं."

"मिळाला. डोंबिवलीत पक्षी आहेत की नुसतेच डास, ते बघायला आलोय."

बाग महापालिकेची, साधीच. पुढे घसरगुंड्या, मधे हास्यक्लब, मागे नाल्याच्या कडेला करंज आणि पांगाऱ्याची जुनी झाडं. पांगारा लालभडक फुलला होता आणि त्यावर भोरड्यांचा (गुलाबी मैनांचा) बाजार भरला होता. हास्यक्लबाचा गडगडाट झाला की अख्खा थवा उडायचा आणि पुन्हा येऊन बसायचा.

गटातली तरुण मंडळी आधीच जमली होती. "दिनकरकाका, आज काय दाखवणार?" असं म्हणत निखिल आणि ऋतुजा त्यांच्याकडे धावले. मग ऋतुजा माझ्याकडे वळली. "काका, तुम्हाला बसायला बाक हवाय का?" या मुलांना धोबी आणि दयाळ पक्षी ओळखायला शिकवलं होतं मी!

कुसुमनं, माझ्या मेहुणीनं, सगळ्यांसाठी घावनं आणि नारळाची चटणी दिली होती. घावनं आमच्या घरच्यासारखीच, पण जाळी जास्त सुरेख. तेही मला खुपलं.

मंडळी खाण्यात गुंतली होती, तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागून दिनकररावांनी मला हातानं खूण केली. मी गेलो. करंजाच्या खालच्या फांदीवर चिमणीहून लहान एक पक्षी शेपटी उडवत बसला होता. गळा आणि छाती गर्द नारिंगी. आपल्याकडे हिवाळाभर दिसणारा लाल छातीचा माशीमार साधारण असाच असतो. पण याच्या नारिंगी रंगाला दोन्ही बाजूंनी काळी किनार होती. काश्मिरी माशीमार. श्रीलंकेत हिवाळा काढून काश्मीरला परतताना वाटेत क्वचित कुठे टेकतो. त्याच्यासाठी मी अर्धं आयुष्य रानं तुडवली होती, आणि हा डोंबिवलीत, घसरगुंडीमागे, माझ्या साडूंना सापडला होता.

"काळी कड दिसली?" दिनकरराव कुजबुजले.

मी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. ती काढली असती तर त्यांना माझा चेहरा दिसला असता. पक्षी उडाला. त्यांनी मोबाईलवर घेतलेल्या फोटोत नुसती पानं आली होती.

गटाचा नियम असा, की फोटो नसेल तर दुर्मीळ पक्ष्याची नोंद दुसऱ्या कोणी दुजोरा दिल्याशिवाय होत नाही. निखिलनं विचारलं, "अप्पाकाका, तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो. नेहमीचा लाल छातीचा. किनार वगैरे काही नव्हती. पानांची सावली पडली असेल."

दिनकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "असेल हो. अप्पांची नजर पक्की आहे."

"काय काका, काश्मीरला जाऊन आलात, मग आमच्या शाली कुठायत?" निखिल म्हणाला. सगळे हसले. सगळ्यात जास्त वेळ मी हसलो.

दुपारी कल्याणच्या खाडीवर गेलो. बांधावर मासळी वाळवत बसलेल्या आजींनी हटकलं, "पाखरां बगाला आलाव? बगून प्वाट भरतं काय?" (पाखरं बघून पोट भरतं का?) एरवी दिनकररावांनी त्यांच्याशी गप्पांचा फड जमवला असता. आज ते दुर्बिणीची काच पुसत राहिले. मग मीच उत्तर दिलं, आजी हसल्या, आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात खाजणाच्या (खाऱ्या दलदलीच्या) कडेला माझा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. दिनकररावांनी आडवं होऊन, शर्टाची पर्वा न करता, मला ओढून काढलं. मग चिखलात हात घालून माझा बूटही शोधून दिला.

कल्याण स्टेशनवर निरोप घेताना ते म्हणाले, "तुम्ही उभे होतात तिथून कड दिसली नसणार. मीच तुम्हाला चुकीच्या जागी उभं केलं. पुढच्या मार्चमध्ये परत याच वाटेनं जाईल तो. तेव्हा नीट दाखवतो."

गटात त्यांचं नाव 'काश्मीरकाका' पडलं. वर्षभरात त्यांनी गटात येणं सोडलं. मला मात्र दर मार्चमध्ये फोन यायचा, "अप्पासाहेब, पाहुण्याची वेळ झाली. येताय ना?" मी गुडघ्याचं कारण सांगायचो.

गेल्या दिवाळीनंतर ते गेले. भेटायला गेलो तेव्हा कुसुम म्हणाली, "भाऊजी, दर मार्चमध्ये एकटेच त्या टाकीमागे जाऊन बसायचे. म्हणायचे, एकदा अप्पांना दाखवला की झालं."

यंदा फोन आला नाही. मी आपणहून गेलो. पांगारा तसाच फुलला होता, हास्यक्लब तसाच गडगडत होता. टाकीमागे उन्हं चढेपर्यंत बसलो. पक्षी आला नाही. आणि खरं सांगायचं तर तो आधी त्यांना दिसला, हे तिथे बसल्यावरही खुपलंच. मग घरी परतलो. दर मार्चमध्ये फोन उचलताना जे ओठांवर यायचं आणि दर वेळी गुडघ्याआड लपायचं, ते एवढंच होतं: दिनकरराव, तो मला दिसला होता. काळ्या किनारीसकट, अगदी स्वच्छ. मला माफ करा.