साळवे सरांची बादली

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँडरूममध्ये पोरांवर ओरडत होतो. सरांच्या मुलीचा फोन. "दादा, बाबा गेले... सकाळी," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवला आणि माझं लक्ष कोपऱ्यातल्या बादलीकडे गेलं. महिना होत आला, तिच्याकडे सरळ बघवत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

साळवे सर जालन्याला आमच्या कॉलेजच्या बँडला शिकवायला आले तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होतो. टेंभुर्णीच्या बऱ्यापैकी शेतीवाल्या घरातला, ट्रम्पेट चांगलं वाजवणारा, आणि आपण चांगलं वाजवतो हे पुरेपूर ठाऊक असलेला. सरांचे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. सर त्यांच्या हाताखाली तयार झाले, मग रीतसर परीक्षा देऊन शिक्षक झाले. भर उन्हातही शर्टाचं गळ्याचं बटण लावून मैदानावर उभे राहायचे, आम्ही मागून हसायचो. सर बौद्ध. ते कुणी बोलत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. नोकरी कच्ची होती. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात बँड चमकला तर पुढच्या वर्षी ठेवू, असं त्यांना तोंडावर सांगितलेलं होतं.

महोत्सव आठ दिवसांवर आला आणि माझा वरचा सूर सारखा फाटायला लागला. सर वैतागले. "आण इकडं," म्हणाले आणि माझ्या ट्रम्पेटवर तोच तुकडा स्वच्छ वाजवून दाखवला. त्यांनी ट्रम्पेट परत दिलं. मी उठलो, बाहेर नळावर गेलो आणि तोंडाला लावायचा माउथपीस खसाखसा धुतला. वळून बघतो तर सर दारात उभे. स्वच्छतेची सबब मला कधीच सांगता आली नाही. कारण ते ट्रम्पेट मी आणि माझा दोस्त विष्णू वर्षभर आलटून पालटून वाजवत होतो, आणि विष्णूनंतर मी ते एकदाही धुतलं नव्हतं. सर हे रोज बघत होते.

सर एक शब्द रागाचा बोलले असते तर मी ट्रम्पेट ठेवून निघालो असतो आणि माझ्यामागे आणखी चार-पाच जण. बँड तिथेच मोडला असता, सरांची नोकरीही. त्यांच्या कपाळावरची ताणलेली शीर मला अजून दिसते... मग ते म्हणाले, "बराबर केलं यानं. तोंडाचं वाद्य हाये, धुवूनच घ्यायला पाह्यजे. विष्णू, जल्दी बादली भरून आण."

त्या दिवसापासून नियमच झाला. वाजवण्याआधी सगळ्यांनी धुवायचं. सर आपला माउथपीस सगळ्यांच्या शेवटी धुवायचे, त्याच पाण्यात. महोत्सवात आमचा पहिला नंबर आला. सर टिकले, पक्के झाले, आणि निवृत्त होईपर्यंत आसपासच्या कितीतरी कॉलेजांना त्यांनी बँडमास्तर तयार करून दिले. त्यांतला एक मी.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तो ठरवूनच, आज माफी मागायची. सर अंथरुणावर होते. "सर, त्या दिवशी मी नळावर..." त्यांनी हात वर केला, बँड थांबवताना करायचे तसाच.

"तुझी पोरं धुवून राह्यली न्हाई का अजून?"

"धुतात, सर."

"मंग? चहा घे."

मी चहा घेतला. माफी राहिली ती राहिलीच, आणि त्यांच्या त्या हाताआड मी सुखाने लपलो, हेही खरं आहे.

माझ्या बँडरूममध्येही बादली आहे. मास्तरचा मान म्हणून सगळ्यांत आधी मी धुवायचो, चांगल्या पाण्यात. नियम कुणाचा, असं कुणी विचारलं तर आजवर ऐटीत सांगायचो, "साळवे सरांचा." सोमवारी एका नव्या मुलीने तेच विचारलं. मग सगळं सांगितलं. नळ, विष्णू, दारात उभे असलेले सर... काहीही गाळलं नाही. ती मुलगी उठून बादलीशी गेली, मग एकेक करून सगळे.

मी माझा माउथपीस सगळ्यांच्या शेवटी धुतला, त्याच पाण्यात.