वहिनीची मूठ

आमच्या अमळनेरच्या घरात एक नियम आहे आणि तो का आहे, हे विचारायचं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी खापराचे मांडे थोरल्या सुनेनंच करायचे. थोरली सून म्हणजे माझी वहिनी घरात आली, आणि तेव्हापासून किस्से साचत गेले. आता कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या की चहाच्या आधी वहिनीचा किस्सा मागतात!

*

वहिनी धुळ्याची. लग्नानंतरची पहिली आखाजी. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत वाढवायचा आणि उपड्या, तापलेल्या खापरावर टाकायचा, हे तिला माहेरीच शिकवलेलं. पण त्या दिवशी दोन्ही मनगटं सुजलेली. मांडा थेट चुलीच्या राखेत!

पुढे रोज सकाळी तिची बोटं आखडलेली, दुपारपर्यंत जरा सैल. आई गेल्यापासून घर आत्याच्या, म्हणजे अक्काच्या ताब्यात. अक्कानं अहिराणीत निदान केलं, "काम ऱ्हास तवय हात दुखतस, काम सरनं का बरं वाटस. हाई दुखणं नई, आळस शे."

*

माझे वडील, नाना, कुणा वैदूकडून पुड्या घेऊन आले. चार दिवसांत दुखणं पळालं. महिन्याभरात वहिनीचा चेहरा पुरीसारखा टम्म. शेजारणी कौतुकानं म्हणाल्या, सासर मानवलं हो!

पुड्या संपल्या आणि वहिनी खाटेवरून उठेना. मी नानांना आणि तिला एसटीत घालून जळगाव गाठलं. शेजारणींचं म्हणणं मी डॉक्टरांना सांगितलं. ते वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "मानवलं ते सासर नाही. पुडीतलं स्टेरॉइड दिसतंय."

*

रक्ताचा रिपोर्ट आला. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. म्हाताऱ्यांचा आजार तरण्या पोरीला कसा, हा नानांचा प्रश्न. डॉक्टर म्हणाले, हा झिजेचा आजारच नाही, कुठल्याही वयात होतो. शेताचा राखणदार चोर सोडून मालकाचाच कापूस उपटायला लागला, तर जे होईल ते शरीराच्या प्रतिकारशक्तीनं या सांध्यांचं केलंय.

"मग राखणदार बदला," नाना म्हणाले.

"बदलता येत नाही. त्याला आवरायचं." त्यासाठी एक गोळी, आठवड्यातून एकदाच, दर बुधवारी. अधूनमधून रक्ततपासणी. गोळी चालू असेतो मूल नको. आणि बरं वाटलं म्हणून औषध मनानं थांबवायचं नाही, नाहीतर बोटं कायमची वाकडी होतील. मग त्यांनी आपली दोन बोटं पुढे केली आणि वहिनीला म्हणाले, दाबा. तिला जमलं नाही.

*

गुरुवारी नाना पाण्याचा पेला आणि दुसरी गोळी घेऊन हजर! रोज घेतली तर सातपट लवकर बरी होईल, हा त्यांचा हिशेब. मी गोळी हिसकावली आणि गोळ्यांची बाटली माझ्या ट्रंकेत कुलूपबंद केली. नाना रागानं माझी तक्रार करायला एकटेच जळगावला गेले.

रोज घेतली तर तोंड फोडांनी भरतं, रक्त घटतं, जीवही जातो, हे ऐकून परतले. त्यानंतर दर बुधवारी सकाळी अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं, "सूनबाई, आज बुधवार!"

*

गुण यायला काही महिने लागले. एकदा लोणच्याच्या बरणीचं झाकण दादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, निघेना. वहिनीनं बरणी ओढली आणि झाकण फिरवलं. दादा म्हणाला, मीच ढिलं करून ठेवलं होतं.

जळगावला डॉक्टरांनी पुन्हा बोटं पुढे केली. वहिनीनं दाबली. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, "सोडा आता."

*

यंदाची आखाजी. डॉक्टरांनी बजावलं होतं, हात बरे आहेत ते जपल्यामुळे. मनगटावर झेलण्याचं, पेलण्याचं काम नको. मी घरी सगळ्यांना सांगितलंही होतं. तरी अक्कानं खापर धुऊन चुलीवर उपडं घातलं. ओसरीवर नाना, धाकटे काका, भावकीतले दोन आबा जेवणाची वाट बघत बसलेले.

अक्कानं वहिनीला हाक मारली. "आते तुना हात बरा व्हयनात ना? मग कर मांडा. पितर वाट देखी ऱ्हायनात."

वहिनी उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"वहिनी मांडे करणार नाही," मी म्हणाले. "हात बरे झालेत ते तिचे. पितरांचे नाहीत."

ओसरीवरून त्यातले एक आबा खाकरून म्हणाले, नियम म्हणजे नियम.

"मग खापर तापलंच आहे, आबा. तुमची मनगटं तर धडधाकट आहेत. या."

आबांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले. खापर तापत राहिलं.